गोळीचे व्याज

गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकत नाही, आषाढीची वारी तीस वर्षांत खंडली नाही, दारूच्या थेंबाला कधी बोट लावले नाही. आणि तरीही हा माणूस पहाटे जाग आली की देवाचे नाव घेण्याआधी उशाखालची गोळी चाचपतो. गुडघ्याच्या दुखण्यावर म्हणून ती सुरू झाली होती. आता ती नसेल तर त्याला उठवत नाही, आणि दिवसाला किती घेतो हे तो घरात कोणाला सांगत नाही. या माणसाला व्यसनी म्हणावे काय? त्याचे व्रत मोडले काय? त्याने माळ उतरून ठेवावी काय?

हा माणूस आपण कल्पनेतला समजू. परंतु असा कोणी आमच्या गावात नाहीच, असे छातीठोकपणे सांगणारे गाव आज विरळा. भजन आटोपून मंडळी सैल बसली की ही शंका दबक्या आवाजात निघते, आणि तिला दोन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "अहो, ते औषध आहे. डॉक्टरने लिहून दिले. औषधाला कसले व्यसन म्हणता?" दुसरा म्हणतो, "व्यसन ते व्यसन! उद्या चंद्रभागेत टाक सगळ्या गोळ्या, विठोबाची आण घे आणि मोकळा हो." पहिला औषधाच्या नावाखाली डोळे झाकतो, दुसरा पापाच्या नावाखाली. पहिल्याचे उत्तर माणसाला बांधून ठेवते, आणि दुसऱ्याचे प्रसंगी जिवावर बेतते. ही गोळी आहे तरी काय, हे दोघांनीही विचारलेले नसते. म्हणून आधी तेच पाहू.

दुखण्यावरच्या गोळ्या सगळ्या एका जातीच्या नसतात. तापावर नि अंगदुखीवर आपण घेतो ती पॅरासिटामॉल ही एक जात. सूज उतरवणारी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही दुसरी. यांचे धोके आहेतच, कोणाचा यकृताला, कोणाचा पोटाला नि मूत्रपिंडाला. पण यांच्यावाचून जीव कासावीस होत नाही. तिसरी जात मात्र अफूच्या नात्यातली. ट्रामाडॉल हे त्यातले आपल्याकडे सर्वांत ओळखीचे नाव, टॅपेन्टाडॉल हे त्याचे मागून आलेले भावंड, आणि खोकल्याच्या काही औषधांत असते ते कोडीनही याच घराण्यातले. ट्रामाडॉल अफूच्या बोंडातून निघत नाही, ते कारखान्यात बनते. परंतु पोटात गेल्यावर यकृत त्याचे जे रूप करते, ते अफूचेच काम करते. घोटाळा असा की पुष्कळदा ते एकटे येत नाही. एकाच गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र असतात, आणि घेणारा समजतो की ही तापाचीच गोळी, जरा जोराची.

जर्मनीत हे औषध १९६२ साली तयार झाले आणि १९७७ पासून तेथे विकू लागले. मॉर्फिनपेक्षा सौम्य, आणि याची चटक लागत नाही, असाच पुष्कळ वर्षे समज होता. तो समज उतरायला जगाला फार वेळ लागला. अमेरिकेने आणि इंग्लंडने त्यावर कडक निर्बंध घातले ते २०१४ साली. आपल्या देशात २६ एप्रिल २०१८ रोजी ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. त्याआधीही डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ते द्यायचे नव्हतेच. पण कायदा दिल्लीत आणि दुकान आळीत! ओळखीवर, जुन्या चिठ्ठीवर, "आईचा गुडघा लई दुखतोय हो" एवढ्या शब्दावर पाकीट मिळत गेले, आणि कोठे कोठे आजही मिळते. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र शासनासाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली निघाला. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांत शंभरामागे सुमारे दोन जण अफू नि तिच्या नात्यातले पदार्थ घेतात, आणि औषध म्हणून बनलेल्या अशा पदार्थांचा वापर शंभरामागे सुमारे एक जण करतो, असे तीत आढळले. म्हणजे हे केवळ शहरातल्या वाया गेलेल्या पोरांचे दुखणे नव्हे.

आणि अफू आपल्या घरांना नवी आहे असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत. (आपली उगाळून द्यायची बाळगुटी निराळी, नावाच्या साम्याने गल्लत करू नये.) त्या आया काही दुष्ट नव्हत्या. पाळी चुकली तर मजुरी जाई, आणि रडते पोर सांभाळायला घरी कोणी नसे. पोर शांत झाले म्हणजे पोर बरे झाले, असे वाटणे किती सहज आहे पहा. गुडघ्याचेही तसेच होते.

आता बंधन पडते कसे? आपण शेतकरी मंडळी, सावकाराचा हिशेब आपल्याला चांगला समजतो, म्हणून त्याच भाषेत सांगतो. वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर जणू काही दारे आहेत, आणि ती दारे लोटून घेण्याची युक्ती देवाने शरीरालाच दिलेली आहे. ठेच लागल्यावर, घाट चढताना, बाळंतपणात शरीर स्वतःच अफूसारखा रस थोडाथोडा सोडते. गोळी तेच काम बाहेरून करते, आणि जास्त जोराने करते. पहिले काही दिवस सुख वाटते. मग शरीर हिशेब बदलते. बाहेरून रोज आवक आहे म्हटल्यावर ते आपली उत्पत्ती आखडते, आणि त्या दारांच्या बिजागऱ्याही गंजू लागतात. काल एका गोळीने जे होत होते त्याला आज दीड लागते, उद्या दोन. मुद्दल तेवढेच, व्याज चढते.

आणि मग एखाद दिवस गोळी चुकते. दुकान बंद असते, किंवा मुलगा आणायला विसरतो. बारा ते चोवीस तासांत जांभया सुरू होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो, घाम सुटतो, पोटात मुरडा येऊन जुलाब लागतात, पायांना अशी तळमळ सुटते की ते कोठे ठेवावेत हे समजत नाही, आणि डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर फार, मग बहुधा आठवड्याभरात ओसरते. झोप नि मनाची उदासी मात्र कित्येक आठवडे रेंगाळते. ट्रामाडॉलचा आणखी एक गुण असा की ते मनाचा तोल राखणाऱ्या रसांवरही काम करते. म्हणून ते तुटले की काही जणांना भीतीचे झटके येतात, नसलेले दिसते, हातापायांत मुंग्या येतात. घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले का पहा!

पण या सगळ्यांत फसवी गोष्ट वेगळीच आहे. गोळी चुकलेल्या दिवशी गुडघाही दुपटीने दुखतो. ते वाढीव दुखणे गुडघ्याचे नसते, ते गोळी तुटल्याचे असते. शिवाय दीर्घकाळ या जातीची औषधे घेतली तर शरीर वेदनेला अधिकच हळवे होते, हेही वैद्यकाला ठाऊक आहे. माणसाला मात्र वाटते, "गुडघा आणखी बिघडला. गोळीवाचून माझे चालायचेच नाही." तो गोळी घेतो, अर्ध्या-पाऊण तासात आराम पडतो, आणि त्याची खात्री पटते. ज्याने दुखणे आणले तोच दुखणे घालवताना दिसतो! सावकाराचे व्याज भरायला सावकाराकडूनच उसने घ्यावे, तसे हे आहे.

हे एकदा ध्यानी आले म्हणजे दारूच्या गुत्त्यावर बसणारा आणि हा माळकरी यांच्यातला फरक उघड होतो. हा कैफाच्या मागे गेलेला नाही. तो दुःखापासून पळतो आहे, आणि पळण्याची वाट वळसा घेऊन पुन्हा त्याच दुःखाशी येते.

"मग दुखणे सोसावेच का नाही?" असे विचारणारे आपल्यात आहेत, आणि त्यांचा मान राखून याचे उत्तर दिले पाहिजे. आळंदीहून पंढरीची वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिवेघाट चढायचा, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत भर पावसापाण्यात चालायचे, रात्री तंबूत जमिनीवर पाठ टेकायची. सोसणे हे वारीच्या अंगातच आहे. पाय दुखले म्हणून वारी सोडली असे आपण म्हणत नाही. परंतु दुखणे हीच भक्ती, असेही आपल्या संतांनी कोठे सांगितलेले नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराला पीडा देणाऱ्या तपाला भगवंतांनी आसुरी ठरवले आहे, आणि कारण असे दिले आहे की त्या शरीरात मीच राहतो, तेव्हा ती पीडा मलाच होते. याहून स्पष्ट ते काय सांगायचे? पांडुरंगाच्या घराची भिंत पडत असेल तर ती लिंपावी, डागडुजी करावी. औषध घेणे हे पाप नव्हेच.

किंबहुना याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे, कारण अफूच्या नात्यातल्या औषधांचा असा बाऊ झाला की त्यात निरपराध माणसे भरडली जातात. कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांतल्या माणसाला मॉर्फिन हीच दया आहे. आपल्या देशात १९८५ च्या कायद्याच्या कडकपणामुळे असे कितीतरी रोगी वर्षानुवर्षे कण्हत गेले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून ती वाट थोडी मोकळी केली. "म्हातारीला अफूची सवय लागेल" म्हणून मरणाच्या दारातल्या आईला वेदनेत ठेवणाऱ्या मुलाला धर्म समजला, असे मी म्हणणार नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, हाड मोडल्यावर चार-आठ दिवस डॉक्टरच्या नजरेखाली ही औषधे घ्यावीत. गुडघ्याची झीज वर्षानुवर्षांची. तिला या गोळीचा रोजचा रतीब लावला की तेथून गणित चुकते. तिला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन थोडे उतरवणे, शेक, हातात काठी, आणि फारच झाले तर शस्त्रक्रिया, असे रुक्ष उपाय आहेत. रुक्ष म्हणूनच ते कोणी करीत नाही.

तर मग दोष कोणाचा? कर्ता कोण? येथे गीतेचा अठरावा अध्याय फार उपयोगी पडतो. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे हे शरीर, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. आणि पुढे असेही म्हटले आहे की हे पाचही असताना जो केवळ एका आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. ही पाच कारणे आपल्या माळकऱ्याला लावून पहा. शरीर हे अधिष्ठान, त्याचा गुडघा चाळीस वर्षांच्या कष्टाने झिजला, तो काही त्याने हौसेने झिजवला नाही. कर्ता तो स्वतः, त्याने एकाची दोन केली आणि लपवले, हे खरे. साधन ती गोळी, जिचा स्वभावच बांधण्याचा. चेष्टा अनेकांच्या: चिठ्ठी लिहून "महिनाभर घ्या, मग पाहू" म्हणणाऱ्या आणि मग न पाहणाऱ्या डॉक्टरची, चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानदाराची, "बाबा शांत आहेत ना, मग झाले" म्हणणाऱ्या मुलाची. आणि दैव? तेही येथे अगदी शब्दशः आहे. यकृतातला जो पाचकरस ट्रामाडॉलचे जोरकस रूप करतो, तो कोणात फार, कोणात थोडा, असा जन्मतःच येतो. एकाच दुकानातली तीच गोळी एकाला फारशी लागूच पडत नाही, तर दुसऱ्याला फार जोराने चढते. हे काही कोणी मागून आणलेले नसते.

चेष्टांबद्दल बोलायचे तर दुकानदारापाशीच थांबून चालणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केले की पालघर जिल्ह्यातल्या एका कारखान्यातून टॅपेन्टाडॉल आणि स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत, घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांत जात होत्या आणि तेथे रस्त्यावर नशेसाठी विकल्या जात होत्या. त्याच महिन्यात केंद्र शासनाने त्या मिश्रणाची निर्मिती आणि निर्यात बंद केली. आपण मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकतो, आणि आपल्याच मुलखातून परक्या आयांची पोरे निजवणाऱ्या गोळ्या पेट्या भरभरून जातात! दोषाचे माप काढायचेच असेल, तर जाणून विकणाऱ्याच्या पदरात ते आधी टाकावे, आणि उरले तर गुडघा धरून बसलेल्या म्हाताऱ्याच्या.

याचा अर्थ त्याच्यावर काहीच उरत नाही असे नव्हे. पाचात एक कारण तो आहेच. माझ्या मते त्याची चूक गोळी घेण्यात नाही, शरीर बांधले गेले यातही नाही. शरीर बांधले जाणे हे ताप येण्यासारखे आहे. चूक सुरू होते लपवण्यापासून. दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या घेणे, पाकीट देव्हाऱ्यामागे ठेवणे, "आज एकच घेतली" असे सुनेला सांगणे, हे व्रताला लागणारे आहे, कारण खरे बोलणे हा माळेचा पहिला नेम आहे. परंतु त्याला लपवायला कोणी लावले, हेही विचारा. "माळकरी असून?" या आपल्या दोन शब्दांनी. कीर्तनात व्यसनांवर झोड उठवताना बुवा जेव्हा गोळीवाल्याला दारुड्याच्या पंक्तीला बसवतात आणि मंडळी हसतात, तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेला एक जण ठरवतो की हे आता मरेपर्यंत कोणाला सांगायचे नाही. तंबाखूचा बार भरून त्याच कीर्तनाला माना डोलावणारे मात्र कमी नसतात. असो.

म्हणून पहिल्या प्रश्नांची उत्तरे माझ्यापुरती अशी आहेत. त्याला व्यसनी म्हणू नये, बांधला गेलेला म्हणावे. त्याचे व्रत मोडले नाही. माळ उतरवायचे कारण नाही. उलट आताच ती गळ्यात हवी.

परंतु सोडवणुकीचा प्रश्न राहतोच. आणि येथे त्या दुसऱ्या उत्तराकडे, चंद्रभागेत गोळ्या फेकण्याकडे, वळले पाहिजे. हे उत्तर ऐकायला फार गोड आहे. एका झटक्यात त्याग, पुंडलिकाच्या साक्षीने! आपल्या तुकोबारायांनीही लोकांकडच्या कर्जाची आपल्या वाटणीची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पण विचार करा: तुकोबांनी बुडवली ती दुसऱ्यांनी आपल्याला द्यायच्या पैशांची खते. आपण दुसऱ्याला देणे लागतो ती खते बुडवून कर्ज फिटत नाही. शरीराचे हे देणे आपले आहे, आणि ते हप्त्याहप्त्यानेच फेडावे लागते. वर्ष-दोन वर्षे घेतलेले ट्रामाडॉल एका दिवसात बंद केले की वर सांगितलेले सगळे एकदम अंगावर येते. म्हातारा माणूस, त्यात जुलाब नि उलट्या, त्यात मधुमेह किंवा रक्तदाब, म्हणजे दवाखाना गाठावा लागतो. हे औषध जास्त घेतल्याने आकडी येते हे तर प्रसिद्धच आहे. एकाएकी तोडल्यावरही ती आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. आणि सर्वांत मोठा धोका यानंतरचा. चार-आठ दिवस निकराने काढून माणूस हरतो आणि पुन्हा जुन्याच मापाने गोळ्या घेतो. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. त्यात झोपेची गोळी किंवा दारू पडली तर श्वास मंदावत मंदावत थांबू शकतो. देवाची आण मोडल्याची लाज असते ती वेगळीच, आणि ती माणसाला अधिक खोल नेते.

सहाव्या अध्यायात मनाला आत वळवायची रीत सांगताना भगवंत घाई करीत नाहीत. धीर धरलेल्या बुद्धीने, हळूहळू, पायरीपायरीने, अशी ती रीत आहे. चंचल मनाला जर ही सवलत, तर हाडामांसाच्या शरीराला का नसावी? वैद्यकाची रीतही हीच आहे. रोजचे माप किती ते खरे सांगायचे, मग डॉक्टर ते थोडेथोडे उतरवतात, कोणाचे आठवड्याला, कोणाचे पंधरवड्याला किंवा महिन्याला, बहुधा एका वेळी दहाव्या हिश्श्याच्या मानाने. एखादी पायरी जड गेली तर तेथेच थांबायचे, पुढच्या पायरीची घाई करायची नाही. ज्यांना असे उतरता येत नाही त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत. ती देखरेखीखाली दिली जातात, आणि ती घेणे म्हणजे "एक सोडले नि दुसरे धरले" असे नव्हे, जसे काठी धरणे म्हणजे लंगडे राहणे नव्हे. अठराव्या अध्यायात सात्त्विक सुखाबद्दल म्हटले आहे की ते आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, आणि राजस सुखाचे नेमके उलट. गोळीचे सुख राजस जातीचे हे खरेच. पण हे वचन उतरत असलेल्या माणसाच्या तोंडावर फेकू नये. त्याचे विषाचे दिवस चालू आहेत. त्याला त्या दिवसांत अर्थापेक्षा मीठ-साखरेचे पाणी, अंगावर पांघरूण आणि रात्री जागा असलेला कोणी तरी माणूस लागतो.

आपल्या संप्रदायाकडे यासाठी जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही, असे मला वाटते. ते म्हणजे दिंडी. पुण्याला मुक्तांगण ही व्यसनमुक्तीची संस्था डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केली, आणि पु. ल. देशपांडे नि सुनीताबाईंनी तिला हातभार लावला. तेथेही उपचाराला आलेली माणसे एकत्र बसतात, एकमेकांना सांगतात, एकमेकांचे ऐकतात. एकट्याने सुटणे कठीण, हे त्यांनी उपचार म्हणून केले. आपण ते सातशे वर्षे भजन म्हणून करीत आहो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तेथे यावर उपचार होतात. केंद्र शासनाचा १४४४६ हा दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. तेथे विचारताना माळ गळ्यात असली तरी कोणी हसत नाही.

दिंडीचालकांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रस्थानाच्या आधी, पडशी बांधताना, कोण कोणती गोळी रोज घेतो हे प्रत्येकाकडून एकांतात विचारून एका वहीत लिहून ठेवावे. गोळीच्या पाकिटावर लाल अक्षरांत एनआरएक्स अशी खूण असेल, किंवा लाल चौकटीत सूचना छापलेली असेल, तर ती गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, हे सर्वांना बजावावे. वाटेत आपल्यात देवघेव फार. "घे माउली, माझ्या पोराने पुण्याहून आणलीय, लगेच उतार पडतो," म्हणून चंचीतली गोळी शेजाऱ्याच्या तळहातावर ठेवणारा माणूस मनाने निर्मळ असतो, पण ज्याला ती दिली त्याला आधीच उदासीचे औषध चालू आहे की मूत्रपिंडाचा विकार आहे, हे त्याला कोठे ठाऊक असते? दोन औषधे एकत्र येऊन आकडी आली तर माळशिरसच्या माळावर रात्री दोन वाजता वैद्य कोठून आणणार? आणि कोणाचे पाकीट हरवले नि दुसऱ्या दिवशी तो जांभया देत, घामाने भिजून बसला, तर त्याला "वारा लागला" म्हणून लिंबू उतरवीत न बसता वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे न्यावे आणि वहीतली नोंद दाखवावी.

शेवटी एक बारीक शंका उरते, आणि ती नेहमी बायाच विचारतात, कारण उपास त्याच काटेकोर करतात. गोळीचे माप उतरत चालले आहे, डॉक्टरने सकाळी अर्धी, रात्री अर्धी सांगितली आहे, आणि मध्ये एकादशी आली. ती अर्धी गोळी घ्यावी की चुकवावी? धर्मशास्त्रात ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे सांगितले आहे, त्यांत पाणी, मूळ, फळ, दूध यांच्याबरोबर औषधही आहे. म्हणून ती अर्धी गोळी एकादशीलाही वेळेवर घ्यावी, वर पेलाभर पाणी प्यावे, आणि मग हरिपाठाला बसावे.